चावा ते मेंदू: रेबीजचा विषाणू पेशीत काय करतो

पिसाळलेला कुत्रा चावला की त्याच्या लाळेतले विषाणू जखमेत उतरतात, पण ते लगेच अंगभर पसरत नाहीत. रक्तातून तर ते जवळपास जातच नाहीत. जखमेच्या आसपासच्या स्नायूत ते रेंगाळतात आणि एखाद्या चेतातंतूचं टोक हाती लागेपर्यंत त्यांचं फारसं काही चालत नाही. चावा आणि पहिलं लक्षण यांच्यात बहुतेक वेळा 1 ते 3 महिने जातात, क्वचित आठवडाच, तर क्वचित वर्षाहूनही जास्त. फ्लूची लस आजार गाठण्याआधी घ्यावी लागते. रेबीजची लस चावल्यानंतर घेऊनही जीव वाचतो, तो या संथपणामुळेच. म्हणून हा विषाणू कुठे कुठे थांबतो, हे नीट समजून घेण्यासारखं आहे.

आकाराने तो बंदुकीच्या गोळीसारखा: एक टोक गोल, दुसरं सपाट. लांबी सुमारे 180 नॅनोमीटर, जाडी 75. एका मिलिमीटरच्या रेघेवर असे साडेपाच हजार विषाणू टोकाला टोक लावून मावतील. आत आरएनएचा एकच धागा, त्यावर साधारण 12,000 अक्षरं आणि अवघी 5 जनुकं: एन, पी, एम, जी आणि एल. एवढ्या भांडवलावर त्याचं भागतं, कारण बाकीचं सगळं तो पेशीकडून करून घेतो. बाहेरून चरबीचं पातळ आवरण असतं. तेही त्याचं स्वतःचं नाही, आधीच्या पेशीच्या पटलाचा तुकडा तो पांघरून आलेला असतो. या आवरणातून ‘जी’ जनुकापासून बनणाऱ्या जी प्रथिनाचे सुमारे 400 काटे बाहेर आलेले असतात. पेशीत शिरायचं तर हे काटेच कामाला येतात.

चेतातंतू स्नायूला जिथे भेटतो तिथे ॲसिटिलकोलीन या निरोप पोचवणाऱ्या रसायनाचे रिसेप्टर, म्हणजे ते पकडणारी प्रथिनं, दाटीने असतात. चेतातंतूच्या टोकावर आणखी दोन-तीन प्रकारची प्रथिनं असतात, ज्यांना जी प्रथिन चिकटू शकतं. चिकटलेल्या विषाणूभोवती पेशीचं पटल आत वळतं आणि तो एका छोट्या पिशवीत बंद होऊन आत ओढला जातो. बाहेरून आलेल्या कुठल्याही पदार्थासाठी पेशी हेच करते, त्यामुळे इथे तिला वावगं काही जाणवत नाही.

पुढचा प्रवास लांबचा आहे. पायाच्या स्नायूत शेवट असलेल्या चेतापेशीचं मुख्य शरीर कमरेच्या वर, मज्जारज्जूत असतं आणि दोन्हींना जोडणारा तंतू मीटरभर लांब असू शकतो. तंतूच्या आत सूक्ष्मनलिका असतात आणि डायनीन नावाचं प्रथिन त्यांच्यावरून टोकाकडचा माल पेशीच्या शरीराकडे वाहून नेत असतं. विषाणूची पिशवी त्या मालात मिसळते आणि दिवसाला सुमारे 50 ते 100 मिलिमीटर पुढे सरकते. म्हणजे पावलापासून मज्जारज्जूपर्यंत 10 ते 20 दिवस, आणि चेहऱ्यापासून मेंदूपर्यंत त्याहून कितीतरी कमी. डोकं, चेहरा, मान आणि बोटं इथले चावे जास्त घातक ठरतात ते यामुळे. बोटांमध्ये तर चेतातंतूंची टोकंच खच्चून भरलेली असतात.

पेशीच्या शरीरापाशी पिशवीतलं आम्ल वाढतं. जी प्रथिन आकार बदलतं, विषाणूचं आवरण पिशवीच्या भिंतीला जोडलं जातं आणि आरएनए पेशीद्रवात मोकळा होतो. इथे एक अडचण असते. हा आरएनए उलट्या वाचनाचा आहे, आपल्या रायबोसोमना, म्हणजे पेशीतल्या प्रथिनं बनवणाऱ्या यंत्रांना, तो वाचता येत नाही. शिवाय आरएनएवरून आरएनए उतरवायला विषाणूला हवं असलेलं यंत्र पेशीत नसतं. म्हणून विषाणू एल हे एन्झाइम सोबत घेऊनच येतो. एल धाग्याच्या एका टोकापासून सुरुवात करून एन, पी, एम, जी, एल याच क्रमाने जनुकांच्या प्रती काढतं. दर दोन जनुकांच्या मधल्या जागी काही एन्झाइम गळून पडतात, त्यामुळे एनच्या प्रती सर्वांत जास्त आणि एलच्या सर्वांत कमी निघतात. गरजही तशीच असते: एन प्रथिनाने आख्खा धागा मढवायचा असतो, तर एलचे मोजकेच रेणू पुरतात. नियमनाची वेगळी यंत्रणा न ठेवता, निव्वळ जनुकांच्या क्रमावर प्रमाण साधणं ही या विषाणूतली मला सर्वांत विलक्षण वाटणारी गोष्ट आहे. एन पुरेसं साठलं की काम बदलतं आणि पूर्ण लांबीच्या प्रती निघू लागतात.

हे सगळं चेतापेशीत गोल ठिपक्यांमध्ये चालतं. 1903 साली इटलीत अडेल्की नेग्री यांनी ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले आणि रोगाचा परजीवीच सापडला असं त्यांना वाटलं. प्रत्यक्षात ते विषाणूचे कारखाने होते. तयार झालेला धागा एम प्रथिन आवळून घेतं, जी प्रथिनाने भरलेल्या पटलाचा तुकडा भोवती येतो आणि नवा विषाणू बाहेर पडून पुढच्या चेतापेशीत शिरतो. पेशी मात्र फुटत नाही. पोलिओचा विषाणू पेशी फोडून बाहेर येतो. हा तिला जिवंत ठेवतो, कारण चेतापेशी मेली तर त्याची वाटच तुटेल. शिवाय पी प्रथिन इंटरफेरॉनचा धोक्याचा इशारा दाबून टाकतं, त्यामुळे प्रतिकारशक्तीला उशिरापर्यंत पत्ता लागत नाही.

मेंदूत भरपूर वाढ झाल्यावर विषाणू चेतातंतूंवाटे उलटा निघतो आणि लाळग्रंथींत पोचतो. गिळताना घशाचे स्नायू आवळतात, पाणी पाहूनही झटके येतात. या टप्प्यावर रुग्ण वाचणं जवळपास अशक्य असतं. जे करायचं ते विषाणू जखमेत असतानाच.

पहिलं काम धुण्याचं. वाहत्या पाण्याखाली साबण लावून पूर्ण 15 मिनिटं, घड्याळ लावून. साबण चरबीचं आवरण विरघळवतो, त्याबरोबर काटे जातात आणि उरलेला विषाणू पेशीला चिकटू शकत नाही. नंतर पोव्हिडोन आयोडीन हे जंतुनाशक. हळद, चुना, तिखट, तेल यांतलं काहीही जखमेत भरू नये. त्याने जखम चिडते आणि नीट धुताही येत नाही. टाकेही शक्यतो घालत नाहीत, कारण सुई विषाणूला थेट चेतातंतूंच्या टोकाशी नेते.

लस मेलेल्या विषाणूची असते. स्नायूत घ्यायची तर 0 (म्हणजे पहिल्या डोसचा दिवस), 3, 7, 14 आणि 28 व्या दिवशी. त्वचेत घ्यायची तर 0, 3, 7 आणि 28 व्या दिवशी, दर वेळी दोन जागी 0.1 मिलिलिटर. मोठ्यांना दंडात, लहान मुलांना मांडीत. कुल्ल्यात कधीच नाही, तिथल्या चरबीत लस नीट भिनत नाही. पोटातली 14 इंजेक्शनं मेंढीच्या मेंदूपासून केलेल्या जुन्या लशीची होती आणि ती भारतात केव्हाच बंद झाली आहे. त्या धास्तीने दवाखाना टाळणारे अजूनही भेटतात, हे फार वाईट आहे.

लशीमुळे प्रतिपिंडं, म्हणजे विषाणूला चिकटून त्याला निकामी करणारी प्रथिनं, तयार व्हायला 7 ते 14 दिवस लागतात. रक्त आलेल्या जखमेत तेवढं थांबणं परवडत नाही, म्हणून तयार प्रतिपिंडं, म्हणजे इम्युनोग्लोब्युलिन, जखमेच्या आत आणि कडेने टोचतात. ती जी प्रथिनाला चिकटून बसतात, मग काटे रिसेप्टरपर्यंत पोचत नाहीत. माणसाच्या रक्तापासून केलेल्या औषधाची मात्रा किलोमागे 20 युनिट, म्हणजे 60 किलोच्या माणसाला 1,200. घोड्याच्या रक्तापासून केलेलं असेल तर किलोमागे 40. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटचं मोनोक्लोनल, म्हणजे प्रयोगशाळेत बनवलेलं एकाच प्रकारचं, प्रतिपिंडही आता मिळतं, त्याची मात्रा किलोमागे 3.33 युनिट.

उपचार फसतात ते बहुधा इथेच. लस घेतली जाते पण इम्युनोग्लोब्युलिन राहून जातं, किंवा चार जखमांपैकी मुलाच्या केसांत लपलेली एक सुटते. जखमा जास्त आणि औषध कमी असेल तर ते सलाइनमध्ये पातळ करून प्रत्येक जखमेत थोडं थोडं द्यावं लागतं. कुत्र्यावर 10 दिवस लक्ष ठेवण्याचा नियम बरोबर आहे, कारण लाळेत विषाणू असलेला कुत्रा त्या मुदतीत आजारी पडतो किंवा मरतो. पण उपचार पहिल्याच दिवशी सुरू करायचे आणि कुत्रा 10 दिवसांनंतरही धडधाकट असेल तर डॉक्टरांना विचारून थांबवायचे. इम्युनोग्लोब्युलिन पहिल्या दिवशी मिळालं नाही तर लशीच्या पहिल्या डोसनंतर 7 दिवसांपर्यंत देता येतं. त्यानंतर देत नाहीत, कारण तोवर शरीराची स्वतःची प्रतिपिंडं तयार होऊ लागलेली असतात आणि बाहेरून दिलेली त्यांच्या आड येऊ शकतात.