लिटल बे आयलंड्स: मतदानानं रिकामं झालेलं गाव

न्यूफाउंडलंडच्या नोत्र दाम उपसागरातलं हे बेट कॉड मासळीवर वसलं आणि वाढलं. मासळी खारवायची, वाळवायची, व्यापाऱ्याच्या उधारीत वळती करायची. 1949 मध्ये न्यूफाउंडलंड कॅनडात सामील झालं, तेव्हा विखुरलेल्या किनारी गावांना वीज-रस्ते पुरवण्यापेक्षा गावंच हलवणं सरकारला सोयीचं वाटलं. 1954 ते 1975 या काळात सुमारे 300 वस्त्या उठल्या, 30,000च्या आसपास माणसं हलली. काहींनी तर लाकडी घरं रिकाम्या पिंपांवर तरंगवून बोटींनी ओढत नेली. हे गाव त्या लाटेतून वाचलं. 1992च्या कॉडबंदीनंतरही खेकड्याच्या कारखान्यावर तगलं. 2010 मध्ये तोही बंद झाला आणि तरुण मंडळी बाहेर पडली.

यापुढची सगळी भांडणं टक्क्यांची आहेत: सरकारी भरपाई घेऊन गाव उठवायला किती जणांची संमती हवी? 1954च्या योजनेत गावातल्या प्रत्येकाची संमती लागायची. 1965 नंतर ही अट 90 आणि मग 80 टक्क्यांवर आली. नंतरच्या धोरणात ती पुन्हा 90 टक्के झाली. त्यात 2013 मध्ये भरपाई वाढून कुटुंबामागे अडीच लाख ते दोन लाख सत्तर हजार डॉलर झाली. एवढी रक्कम समोर असताना ‘कायमचा रहिवासी’ कोण, हिवाळा बाहेर काढणाऱ्याला मत आहे का, यावरून शेजाऱ्याशेजाऱ्यांत बिनसणारच. 2015च्या मतदानात 89.47 टक्के लोक जायला तयार होते. एका मताच्याही आतल्या फरकानं ठराव पडला. राहू इच्छिणाऱ्यांना यात दोष देणं सोपं आहे, पण त्यांनी फक्त आपलं घर सोडायला नकार दिला होता. शेजाऱ्याची भरपाई त्यांच्या मतावर टांगून ठेवली ती नियमानं.

2016च्या जनगणनेत गावात 71 माणसं उरली होती. 2019च्या मतदानात विरोधात एकही मत पडलं नाही. त्याच वर्षी 31 डिसेंबरला वीज तोडली, फेरीबोटही थांबली. एक जोडपं सौरपॅनेल लावून मागं राहिलं. काही जण उन्हाळ्यापुरते परततात.

पुढे सरकारनं ही अट 75 टक्क्यांवर आणली. 2015 मध्येच ती असती, तर गाव चार वर्षं आधी उठलं असतं आणि त्या चार वर्षांतली कटुताही टळली असती.