इन्स्पेक्टर मोर्स आणि ऑक्सफर्डमधले खून

'इन्स्पेक्टर मोर्स' ही आयटीव्ही या ब्रिटिश चॅनलवरची डिटेक्टिव्ह मालिका. ६ जानेवारी १९८७ ला पहिला एपिसोड लागला, १५ नोव्हेंबर २००० ला शेवटचा. एवढ्या वर्षांत एपिसोड मोजून ३३, पण एकेक एपिसोड जाहिराती धरून दोन तासांचा, म्हणजे खरं तर ३३ सिनेमेच म्हणायला हवेत. सगळ्या गोष्टी घडतात इंग्लंडमधल्या ऑक्सफर्डला. चीफ इन्स्पेक्टर मोर्सच्या भूमिकेत जॉन थॉ, त्याचा सार्जंट लुईस म्हणजे केव्हिन व्हेटली आणि वरचे साहेब स्ट्रेंज म्हणजे जेम्स ग्राउट. मूळ कादंबऱ्या कॉलिन डेक्स्टरच्या, एकूण १३, पहिली १९७५ ची आणि शेवटची १९९९ ची. ऐन भरात असताना ब्रिटनमध्ये एकेका एपिसोडला एक कोटी ऐंशी लाखांपर्यंत प्रेक्षक होते असं सांगतात.

युनिव्हर्सिटीच्या गावात खुनाची गोष्ट रचणं लेखकाच्या फार सोयीचं असतं. ऑक्सफर्डचं कॉलेज म्हणजे चारी बाजूंनी इमारती, मध्ये हिरवळीचा चौक, आत यायला एक मोठा दरवाजा आणि त्या दरवाज्याशी पोर्टरची म्हणजे दारवानाची खोली. कोण आलं कोण गेलं हे पोर्टरला माहीत असतं, प्रत्येक जिन्याच्या तळाशी त्या जिन्यावर राहणाऱ्यांची नावं पाटीवर रंगवलेली असतात, म्हणजे संशयितांची यादी भिंतीवर तयारच. त्यात भांडणं कशावरून तर कॉलेजचा पुढचा मास्टर म्हणजे प्रमुख कोण होणार, कुणाच्या संशोधनावर कुणी डल्ला मारला, देणगी देणाऱ्याचा पैसा कुठून आला, वीस वर्षांपूर्वी कुणाचं कुणाशी काय होतं. बाहेरच्याला हे सगळं क्षुल्लक वाटेल, पण आत राहणाऱ्यांना त्यापलीकडे जगच नसतं. आणि माणसं सगळी हुशार, खोटं बोलली तरी व्याकरण चुकणार नाही, त्यामुळे चौकशीचे सीन ऐकायला मजा येते.

पण मालिकेचं खरं बळ दुसरीकडे आहे असं मला वाटतं, ते म्हणजे गाव आणि गाऊन यांच्यातली जुनी तेढ. गाऊन म्हणजे काळा झगा घालणारे युनिव्हर्सिटीवाले, आणि गाव म्हणजे बाकीचे सगळे. ही तेढ लेखकानं काढलेली नाही. १० फेब्रुवारी १३५५ ला कारफॅक्स चौकातल्या स्विंडलस्टॉक टॅव्हर्नमध्ये काही विद्यार्थ्यांनी वाइन भिकार आहे म्हणून तक्रार केली, बाचाबाची झाली, आणि त्यातून जी दंगल पेटली त्यात परंपरेनं सांगतात त्याप्रमाणे ६३ विद्यार्थी आणि सुमारे ३० गावकरी मेले. राजानं कौल युनिव्हर्सिटीच्या बाजूनं दिला आणि गावाच्या मेयरनं दरवर्षी प्रतिष्ठित नागरिकांना घेऊन चर्चमध्ये हजेरी लावायची, मेलेल्या प्रत्येक विद्यार्थ्यामागे एक पेनी म्हणजे ६३ पेन्स भरायचे, अशी शिक्षा बसली. ती चालली १८२५ पर्यंत! युनिव्हर्सिटीचे स्वतःचे पोलीसही होते, गोल बोलर हॅट घालून फिरणारे, लोक त्यांना बुलडॉग म्हणायचे, ते २००३ मध्ये बंद झाले. म्हणजे मोर्स टीव्हीवर खुनी शोधत होता तेव्हा खऱ्या ऑक्सफर्डमध्ये दोन वेगळी पोलीस खाती होती. दुसरीकडे काउली या उपनगरात मोटारींचा अवाढव्य कारखाना, हजारो कामगार, ज्यांचा कॉलेजांशी संबंध फारतर स्वयंपाकघरापुरता. कटस्लो भागात तर खाजगी घरांच्या वस्तीतून कौन्सिलच्या, म्हणजे नगरपालिकेनं भाड्यानं दिलेल्या, घरांतले लोक ये-जा करू नयेत म्हणून १९३४ मध्ये रस्त्यावर आडव्या भिंती बांधल्या होत्या, वर टोकदार खिळे लावून, आणि त्या पाडल्या १९५९ मध्ये.

आता मोर्स नक्की कुठे बसतो ते बघा. बाप टॅक्सी चालवणारा, हा स्कॉलरशिपवर ऑक्सफर्डला आलेला, अभिजात ग्रीक-लॅटिन शिकणारा हुशार पोरगा, आणि प्रेमभंगात अभ्यास सुटून डिग्रीविना बाहेर पडलेला. मग सैन्यात सिग्नल्सला म्हणजे संदेशवहन विभागात, मग पोलिसात. त्यामुळे कॉलेजच्या दारातून आत जाताना तो एकाच वेळी पोलीसही असतो आणि नापास झालेला विद्यार्थीही. प्राध्यापक त्याला शेरीचा ग्लास देतात, एखादं लॅटिन वाक्य टाकून बघतात आणि यानं ते पुरं केलं की त्यांचा चेहरा पडतो. त्यांच्यासारखं बोलता येतं, त्यांच्यात बसता येत नाही. गावातल्या साध्या माणसांशी बोलायला मात्र लुईस लागतो.

कादंबरीतला लुईस वयानं मोठा आणि वेल्सचा आहे. टीव्हीसाठी त्याला तरुण केला, उत्तर इंग्लंडातल्या न्यूकॅसलकडचा केला, बायको-पोरं असलेला, सरळ आणि पाय जमिनीवर असलेला. हा बदल इतका जमून गेला की नंतर डेक्स्टरच्या पुस्तकांतला लुईसही टीव्हीवाल्यासारखा होत गेला. गाडीचंही तसंच, सुरुवातीच्या पुस्तकांत मोर्सकडे लान्सिया होती, टीव्हीवर आली लाल जॅग्वार मार्क टू, वर काळं छप्पर, नंबर २४८ आरपीए, आणि मग पुस्तकांच्या पुढच्या आवृत्त्यांत लान्सिया जाऊन जॅग्वार आली.

डेक्स्टर स्वतः केंब्रिजला शिकलेला, ग्रीक-लॅटिनचा शिक्षक. ऐकू येईनासं झालं म्हणून १९६६ मध्ये शाळा सोडली आणि ऑक्सफर्डला युनिव्हर्सिटीच्या परीक्षा विभागात नोकरी धरली, ती १९८८ पर्यंत. लिहायला लागला तो १९७२ मध्ये वेल्सला सुट्टीवर असताना, बाहेर पाऊस थांबेना, हाताशी असलेली रहस्यकथा आवडेना, म्हणून. मालिकेचा दुसरा एपिसोड बघा, परीक्षा घेणारी संस्था, तिथे ऐकू न येणारा एक कर्मचारी, आणि गुंता ओठांच्या हालचाली वाचण्यावर फिरणारा. हे असं लिहायला आतला माणूसच हवा. दुसरं वेड शब्दकोड्यांचं. मोर्स हे नाव सर जेरेमी मोर्स या कोडी सोडवण्यात पटाईत असलेल्या बँकरवरून घेतलं, लुईसही कोड्यांच्या दुनियेतूनच आला. मोर्सचं पहिलं नाव तर वर्षानुवर्षं लपवलेलं. ते एंडेव्हर आहे हे पुस्तकात १९९६ ला आणि टीव्हीवर १९९७ ला कळलं, टीव्हीवर तर सरळ न सांगता कोड्यातल्या एका क्लूमधून. आई क्वेकर या ख्रिस्ती पंथाची, जिथे सद्गुणांची नावं ठेवायची पद्धत, बापाला दर्यावर्दी कॅप्टन कुकचं वेड, म्हणून कुकच्या जहाजाचं नाव पोराला. डेक्स्टर स्वतः जवळजवळ प्रत्येक एपिसोडमध्ये कुठेतरी दिसतो, पबमध्ये बसलेला, रस्त्यावरून चाललेला, ते शोधणं हा फॅन लोकांचा वेगळा उद्योग.

संगीत बॅरिंग्टन फेलाँगचं. शीर्षक संगीत सुरू होतं तेव्हा तारांवर जी एकसुरी टकटक ऐकू येते ती मोर्स कोड आहे: दोन लांब, तीन लांब, एक छोटा एक लांब एक छोटा, तीन छोटे, शेवटी एक छोटा, म्हणजे इंग्रजीत मोर्स हे नाव. हा गडी तिथेच थांबला नाही, कधीकधी एपिसोडच्या पार्श्वसंगीतात खुन्याचं नाव कोडमध्ये दडवायचा, आणि कधी मुद्दाम दुसऱ्याच कुणाचं.

मोर्स डिटेक्टिव्ह म्हणून तसा बेभरवशाचा आहे. प्रेत बघवत नाही, उंचीची भीती, बिअर स्वतः ढोसणार आणि पैसे लुईसला द्यायला लावणार, गाडीत वाग्नरचे ऑपेरा लावून बसणार, आणि भन्नाट थिअरी मांडून चुकीच्या माणसाला पकडणार. मग लुईस काहीतरी साधं बोलून जातो आणि याच्या डोक्यात दिवा पेटतो. एपिसोडमधल्या प्रत्येक बुद्धिमान बाईच्या तो प्रेमात पडतो, ती बहुतेक संशयित असते नाहीतर मेलेली निघते, हे जरा जास्तच वेळा होतं हे मान्य करायला हवं.

वेग संथ. आज सवय नसेल तर पहिला अर्धा तास काही घडतच नाही असं वाटेल. पण ज्यांनी हे केलं ती माणसं साधी नव्हती, पहिल्या एपिसोडची पटकथा 'द इंग्लिश पेशंट'वाल्या अँथनी मिंगेलाची, दोन एपिसोडचं दिग्दर्शन 'स्लमडॉग मिलियनेअर'वाल्या डॅनी बॉयलचं. लॉन्सडेल आणि बोफर्ट ही कॉलेजं काल्पनिक आहेत, उघड आहे, खऱ्या कॉलेजच्या मास्टरला खुनी कोण दाखवणार. बाकी जागा खऱ्या: रँडॉल्फ हॉटेल, ब्रॉड स्ट्रीटवरचा व्हाइट हॉर्स पब, नदीकाठचा ट्राउट पब, कालव्याजवळची जेरिको वस्ती. भूगोलाची मात्र ऐशीतैशी, जॅग्वार एका गल्लीत वळते आणि गावाच्या दुसऱ्याच टोकाला बाहेर येते, ऑक्सफर्डकर त्यावर हसतात.

शेवटच्या एपिसोडबद्दल, बघितला नसेल तर हा परिच्छेद सोडा. एक्झिटर कॉलेजच्या चौकात, आतून फोरे या फ्रेंच संगीतकाराच्या रेक्विएमचे, म्हणजे मृतांसाठीच्या प्रार्थनासंगीताचे, सूर येत असताना मोर्स हिरवळीवर कोसळतो आणि पुढे हॉस्पिटलमध्ये मरतो. खून नाही, पाठलाग नाही, हृदयविकार. जॉन थॉ त्यानंतर सव्वा वर्षात, २१ फेब्रुवारी २००२ ला कॅन्सरनं गेला, वय ६०.

पुढे २००६ मध्ये 'लुईस' आली, २०१५ पर्यंत चालली, एपिसोड पुन्हा ३३. इथे समीकरण उलटं केलंय: लुईस आता इन्स्पेक्टर आणि त्याचा सार्जंट हॅथवे केंब्रिजला शिकलेला, पाद्री व्हायला निघून मध्येच सोडलेला. म्हणजे शिकलेला आता हाताखाली. चांगली आहे, पण लुईसला कॉलेजवाल्यांकडून काही नकोच असल्यानं ती जुनी जखम इथे तितकी ठसठसत नाही. २०१२ ला 'एंडेव्हर' सुरू झाली, काळ १९६५ पासून पुढचा, तरुण मोर्स म्हणजे शॉन इव्हान्स आणि त्याचे साहेब इन्स्पेक्टर फ्रेड थर्सडेच्या भूमिकेत रॉजर अलम, ३६ एपिसोड होऊन मार्च २०२३ ला संपली. सगळं लेखन रसेल लुईसचं. थर्सडे घरी आला की टोपी स्टँडला लावतो आणि कामाचं ओझंही तिथेच ठेवतो, निदान तसं त्याचं म्हणणं, आणि बायको डब्यात कुठल्या वारी कुठलं सँडविच देते हे मोर्स न बघता सांगतो. ऑक्सफर्ड सिटी पोलीस १९६८ मध्ये थेम्स व्हॅली पोलिसात विलीन झाले, ती खरी घटनाही कथानकात येते. जॉन थॉची मुलगी अबिगेल यात वर्तमानपत्राची संपादक आहे.

कुठून सुरुवात करायची असं विचाराल तर बरेच लोक काळाच्या क्रमानं 'एंडेव्हर'पासून जा म्हणतात, मला ते पटत नाही. आधी मोर्सचे दहाबारा एपिसोड बघा, म्हातारा होत चाललेला चिडका माणूस ओळखीचा होऊ दे, मग तरुण मोर्सचा एकेक धक्का कुठे लागला ते कळतं. १९९८ चा कालव्यावरच्या जुन्या खुनाचा एपिसोड नंतर बघितला तरी चालेल, त्यात लुईस नाही.