आकडा प्रकाशाचा की पडद्याचा?

लक्ष्मी रस्त्यावर साडी घेताना दुकानातल्या दिव्यांखाली पसंत पडलेला रंग दारापाशी उन्हात नेऊन पाहिल्याशिवाय पैसे न देणारी गिऱ्हाइके आजही भेटतात. साडी तीच असते. तिच्यावरचा उजेड बदलतो. कॉम्पोझिटिंग, म्हणजे अनेक चित्रे जोडून एक दृश्य रचण्याच्या सॉफ्टवेअरमधील रंगव्यवस्थापनाचा पायाही असाच आहे: फाइलमध्ये साठवलेला प्रकाश ही एक गोष्ट आणि तो एखाद्या पडद्यावर कसा दाखवायचा ही निराळी गोष्ट.

मोबाइलवरच्या साध्या छायाचित्रात काळ्यासाठी 0 आणि पांढऱ्यासाठी 255 हा आकडा असतो. मग 128 म्हणजे निम्मा प्रकाश असावा, असे वाटते. परंतु अशा चित्रांसाठी ठरलेल्या एसआरजीबी या रंगमानकानुसार तो जेमतेम 22 टक्के भरतो आणि निम्म्या प्रकाशासाठी 188 हा आकडा लागतो. डोळ्यांना अंधाऱ्या भागातील फरक अधिक जाणवतात, म्हणून आकड्यांचा मोठा वाटा तिकडे दिलेला असतो. साठवणुकीसाठी ही काटकसर चांगली, हिशेबासाठी मात्र घातक. विसर्जन मिरवणुकीच्या रात्रीच्या दृश्यात पांढऱ्या दिव्याने निम्मा व्यापलेला आणि उरलेला काळा असा एक पिक्सेल घेतला, तर साठवलेल्या आकड्यांची सरासरी 128 च्या आसपास येते. म्हणजे निम्म्याऐवजी 22 टक्केच प्रकाश उरतो आणि दिव्याची कड काळवंडते. म्हणूनच आधी सर्व चित्रे प्रकाशाच्या सरळ प्रमाणात, अर्थात लिनियर रूपात आणावी लागतात.

न्यूकसारख्या कॉम्पोझिटिंग सॉफ्टवेअरमध्ये त्यासाठी प्रथम प्रकल्पाच्या सेटिंगमध्ये ओपनकलरआयओ या रंगरूपांतराच्या प्रणालीची संरचना निवडावी. ही प्रणाली सोनी पिक्चर्स इमेजवर्क्सने 2010 मध्ये सर्वांसाठी खुली केली. चित्रपटांसाठीच्या एसेस या रंगव्यवस्थापनाच्या पद्धतीत कामाचे रंगक्षेत्र, म्हणजे आकड्याचा कोणता रंग समजायचा याचा ठराव, म्हणून एसेससीजी हे लिनियर रंगक्षेत्र घेतात. त्यानंतर प्रत्येक रीड नोडला, म्हणजे फाइल आत आणणाऱ्या घटकाला, त्याच्या फाइलचे मूळ रंगक्षेत्र नेमके सांगावे लागते: कॅमेऱ्याच्या फुटेजला त्या कॅमेऱ्याचा लॉग (प्रकाश आकड्यांत साठवण्याची त्याची पद्धत), छायाचित्राला एसआरजीबी. वस्तू कॅमेऱ्यापासून किती दूर आहे हे दाखवणारे डेप्थ पास आणि चित्राचा कोणता भाग दिसावा हे ठरवणारे मास्क हे रंग नव्हेतच, त्यामुळे त्यांना 'रॉ', म्हणजे रूपांतराविना, ठेवावे. मास्कमधील 0.5 ही निम्मी पारदर्शकता चुकून एसआरजीबी समजली गेली, तर तिचे 0.21 होते आणि कापलेल्या आकृतीची कड अकारण खंगते.

पडद्यासाठीचे रूपांतर फक्त व्ह्यूअरमध्ये, म्हणजे चित्र पाहण्याच्या खिडकीत, असावे. कोथरूडच्या घरी एका रात्री मी तेच रूपांतर नोड म्हणूनही जोडून ठेवले होते. ते दोनदा लागल्याने गुलाल फिकट गुलाबी दिसू लागला आणि मी दोन तास खपून तो गडद करत बसलो. सकाळी तो नोड काढल्यावर सगळी मिरवणूक अंधारात बुडालेली निघाली. दोष उजेडाचा होता, रंगवत मात्र मी साडीच बसलो होतो.

पुढच्या विभागाकडे जाणारी ईएक्सआर (लिनियर आकडे साठवणारी चित्रफाइल) फाइल व्ह्यूअरच्या रूपांतराविना लिहावी, कारण कागदाच्या पांढऱ्याहून कितीतरी पट तेजस्वी दिव्याचे आकडे तिच्यात 1 च्या पुढेही शाबूत राहतात. पाहणीसाठीच्या व्हिडिओत मात्र ते रूपांतर लावूनच द्यावे. मांडणीची एक सोपी परीक्षा आहे. योग्य एक्सपोजरमध्ये टिपलेल्या 18 टक्के करड्या कार्डावर कर्सर नेला, की व्ह्यूअरखाली 0.18 च्या आसपासचा आकडा दिसावा. मग व्ह्यू, म्हणजे व्ह्यूअरमधील पडद्याचे रूपांतर, बदलून पाहावा: चित्र बदलेल, आकडा जागचा हलता कामा नये.