समुद्रतळावरच्या जाती आणि मोजणाऱ्यांच्या चाळण्या

नाशिकमध्ये गोदावरीला पूर आला की पाणी किती चढले हे दुतोंड्या मारुतीवरून सांगितले जाते: गुडघ्याला लागले, कमरेला लागले, छातीला लागले. पूर ओसरल्यावर रामकुंडाच्या पायऱ्यांवर आणि गोदाघाटावरच्या दुकानांत काळसर, चिकट गाळ उरतो. जो गाळ इथे थांबत नाही आणि पुढच्या धरणांतही अडकत नाही, तो नदीबरोबर जातो. ब्रह्मगिरीपासून अरबी समुद्र सरळ रेषेत जेमतेम ऐंशी किलोमीटरवर आहे. पण गोदावरी त्याच्याकडे पाठ फिरवून १,४६५ किलोमीटर पूर्वेला जाते आणि आपली माती बंगालच्या उपसागरात नेऊन टाकते. आंध्रच्या किनाऱ्यासमोर १,२६८ मीटर खोलीवरून काढलेल्या गाळाच्या नमुन्याचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. गेल्या तीन-चार हजार वर्षांत, हवामान कोरडे होत गेले आणि पठारावर शेती पसरली तसा, त्या गाळात दख्खनच्या काळ्या पाषाणातून आलेल्या मातीचा वाटा वाढत गेल्याचे त्यात आढळले.

अशा गाळात कोणते प्राणी राहतात, त्यांच्या जाती किती, आणि त्या एका ठिकाणी जास्त तर दुसरीकडे कमी का, हा या टिपणाचा विषय आहे. गेल्या पावणेदोनशे-एकशेऐंशी वर्षांत या प्रश्नाचे उत्तर अनेकदा बदलले. समुद्रतळ त्या काळात फारसा बदललेला नाही. बदलली ती मुख्यतः जाळी आणि चाळण्या.

पहिले ठाम उत्तर ‘काहीच नाही’ असे होते. एडवर्ड फोर्ब्स या ब्रिटिश निसर्गअभ्यासकाने १८४१-४२ मध्ये ‘बीकन’ या नौदलाच्या जहाजावरून एजियन समुद्राचा तळ खरवडला. जसजसे खोल जावे तसतसे प्राणी कमी होतात, असे त्याला दिसले. ती उतरती रेघ तशीच पुढे वाढवून ३०० फॅदम, म्हणजे सुमारे ५५० मीटरच्या खाली जीवसृष्टी नसावी, असे त्याने मांडले. यात त्याचे दोन घोटाळे झाले. एजियन समुद्राचा खोल तळ अन्नाच्या बाबतीत मुळातच गरीब आहे, आणि त्याच्या खरवडणीचे तोंड अरुंद व पिशवीची भोके बारीक असल्याने ती चिखलाने लवकर तुंबत असे. काळोख, गोठवणारी थंडी आणि पाण्याचा प्रचंड दाब यांत कोण जगणार, असे सामान्य समजुतीलाही वाटत होतेच, त्यामुळे हे मत पटकन रुजले. त्याच्याविरुद्धचा पुरावा मात्र आधीपासून उपलब्ध होता: १८१८ मध्ये जॉन रॉस यांच्या आर्क्टिक मोहिमेत खोली मोजण्याच्या दोरीला गुरफटून एक मोठा, फांद्याफांद्यांचा तारामासा वर आला होता. त्याची फारशी दखल घेतली गेली नाही.

हे मत टिकवणे अवघड केले ते आधी व्यापाराने. १८६० मध्ये सार्डिनिया आणि अल्जीरिया यांच्या दरम्यानची नादुरुस्त तारयंत्राची केबल भूमध्य समुद्रातून वर ओढली गेली, तेव्हा फोर्ब्सच्या रेषेच्या कितीतरी खाली असलेल्या तुकड्यांवर प्रवाळ आणि इतर प्राणी घट्ट चिकटून वाढलेले निघाले. ते ओढताना वाटेत अडकले असे म्हणण्याची सोय नव्हती. नॉर्वेत मिखाएल सार्स आणि त्यांचे चिरंजीव गेओर्ग हे खोल पाण्यातून एकापाठोपाठ एक प्राणी काढतच होते. त्यांतली लोफोटेनजवळची देठाची समुद्रकमळे पाहून ब्रिटनमधले वायव्हिल थॉमसन चकित झाले, कारण तसे प्राणी तोवर प्रामुख्याने जीवाश्मांतून माहीत होते. त्यातूनच १८६८ ची ‘लायटनिंग’, पुढची ‘पॉर्क्युपाइन’ आणि अखेर डिसेंबर १८७२ ते मे १८७६ अशी साडेतीन वर्षे चाललेली ‘चॅलेंजर’ मोहीम उभी राहिली. सुमारे ६८,८९० सागरी मैलांच्या त्या प्रवासातून विज्ञानाला नव्या असलेल्या जवळजवळ ४,७०० जाती मिळाल्या, आणि ५० खंडांचा अहवाल पुरा व्हायला १८९५ साल उजाडले.

याच काळातला एक प्रसंग नमूद करण्याजोगा आहे. १८६८ मध्ये ब्रिटिश जीवशास्त्रज्ञ टी. एच. हक्सली यांनी अटलांटिकच्या तळाच्या जुन्या, अल्कोहोलमध्ये ठेवलेल्या चिखलात एक बुळबुळीत पदार्थ पाहिला आणि सगळ्या समुद्रतळावर पसरलेला हा आदिम जीव असावा असे समजून त्याला बॅथिबियस असे नावही दिले. चॅलेंजरवरचे रसायनज्ञ बुकॅनन यांनी दाखवून दिले की समुद्राच्या पाण्यात अल्कोहोल घातले की कॅल्शियम सल्फेटचा असाच साका तयार होतो. हक्सलींनी १८७५ मध्ये चूक मान्य केली. फोर्ब्सने प्राणी असलेल्या जागी नाहीत म्हटले आणि हक्सलींनी नसलेल्या जागी आहे म्हटले. एकाला खरवडणीने फसवले, दुसऱ्याला बरणीने.

चॅलेंजरनंतर खोल समुद्रात जीवन आहे हे निर्विवाद झाले आणि १९५१ मध्ये ‘गॅलाथिआ’ या डॅनिश जहाजाने फिलिपिन्सच्या गर्तेतून, १०,००० मीटरहून अधिक खोलीवरून, प्राणी वर काढून उरलीसुरली शंकाही मिटवली. पण तिथल्या जाती थोड्याच असाव्यात, हा समज आणखी बरीच वर्षे चालू राहिला. त्याचे कारण पुन्हा जाळ्यातच होते. मोठ्या भोकांच्या जाळ्यात समुद्रकाकड्या, तारामासे, कोळंबीसारखे प्राणी येतात. चिखलातले काही मिलिमीटरचे किडे, कालवे आणि कवचधारी प्राणी मात्र जाळे वर येईपर्यंत पाण्याबरोबर धुऊन जातात.

१९६० च्या दशकात अमेरिकेतल्या वुड्स होल संस्थेच्या हॉवर्ड सँडर्स आणि रॉबर्ट हेसलर यांनी तळावरून घसरत जाणारी, झाकण असलेली आणि बारीक जाळीची पिशवी लावलेली एक घसरगाडी वापरली. न्यू इंग्लंडच्या किनाऱ्यापासून बर्म्यूडापर्यंतच्या रेषेवर तिने एकेका खेपेत हजारो बारीक प्राणी आणि शेकडो जाती वर आणल्या. १९६७ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षानुसार, भूखंडमंचाच्या, म्हणजे किनाऱ्यालगतच्या उथळ तळाच्या, तुलनेत खोल उतारावरचा चिखल जातींच्या बाबतीत अधिक संपन्न होता.

लहानमोठ्या नमुन्यांची तुलना कशी करायची, ही अडचण होतीच. नांदूर मध्यमेश्वरला हिवाळ्यात एकाने पाच हजार पक्षी मोजले आणि दुसऱ्याने एखाद्या पाझर तलावावर दोनशेच, तर पहिल्याच्या यादीत जाती जास्त येणारच. तेवढ्यावरून पाझर तलाव गरीब ठरत नाही. मोठ्या यादीतून दोनशेच पक्षी उचलले असते तर किती जाती सापडल्या असत्या, हे काढून मगच तुलना करावी लागते. सँडर्स यांनी १९६८ मध्ये समुद्रतळाच्या प्राण्यांसाठी अशी पद्धत मांडली. तिच्यातली गणिती चूक पुढे इतरांनी सुधारली, पण पद्धत टिकली.

यानंतर वाद ‘किती’वरून ‘का’कडे वळला. सँडर्स यांचे म्हणणे होते की खोल समुद्र दीर्घकाळ स्थिर राहिल्याने प्रत्येक जातीला आपापला बारीक कोनाडा सापडला. १९७२ मध्ये डेटन आणि हेसलर यांनी उलट बाजू घेतली: मोठे प्राणी चिखल खाताना लहानांना सरसकट गिळतात, त्यामुळे कोणतीच जात इतकी वाढत नाही की ती इतरांना हुसकावेल. तिसरे मत असे, की एखाद्या किड्याने केलेले बीळ, वरून पडलेला माशाचा सांगाडा, एखादा मऊ ढिगारा अशा छोट्या छोट्या जागा वेगवेगळ्या वेळी वसतात आणि त्यामुळे सपाट दिसणारा तळ खरे तर ठिगळांची गोधडी असतो. मला हे तिसरे मत अधिक पटते. मात्र पहिल्या दोघांना पूर्ण बाद करणारा पुरावाही पुढे आला नाही. दरम्यान मायकेल रेक्स यांनी अटलांटिकच्या गोगलगायींवरून दाखवले की जाती खोलीबरोबर नुसत्या वाढत किंवा घटत जात नाहीत: उतारावरून उतरताना त्या वाढतात, साधारण दोन ते तीन हजार मीटरवर सर्वाधिक होतात आणि सागरी मैदानावर पुन्हा कमी होतात. शालेय भूगोलाच्या पुस्तकातल्या सागरतळाच्या आकृतीवर ही रेषा काढली तर तिचा कुबड खंडान्त उताराच्या खालच्या टोकाशी येईल.

सर्वाधिक खळबळ उडवली ती एका चौकोनी पेटीने. चिखलाचा वरचा थर न विस्कटता ठोकळ्यासारखा कापून आणणारी, साधारण फूटभर लांबी-रुंदीची, म्हणजे घरातल्या एका फरशीएवढी ही पेटी असते. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यासमोर तेल शोधण्याआधीच्या पाहणीत ग्रासल आणि मॅसिओलेक यांनी १,५०० ते २,१०० मीटर खोलीवर असे २३३ ठोकळे कापले, एक तृतीयांश मिलिमीटरहून बारीक चाळणीतून चाळले आणि त्यांत ९०,६७७ प्राणी व ७९८ जाती मोजल्या. निम्म्याहून अधिक जाती विज्ञानाला नव्या होत्या. एकूण चिखल जेमतेम एकवीस चौरस मीटर, म्हणजे दोन छोट्या खोल्यांइतका. नवा ठोकळा कापला की नव्या जाती निघतच होत्या, म्हणून १९९२ मध्ये त्यांनी सगळ्या खोल समुद्रात एक कोटी जाती असू शकतील असा अंदाज केला. रॉबर्ट मे यांनी त्याच वर्षी तो पाच लाखांच्या आसपास खाली आणला. एका किनाऱ्यावरची रेघ साऱ्या महासागरावर लांबवणे हे, दिशा उलटी असली तरी, फोर्ब्सनेच केले होते.

आपल्या पश्चिमेकडच्या समुद्राने या सर्व नियमांना छेद दिला आहे. १९३३-३४ मध्ये ‘मबाहिस’ या इजिप्शियन जहाजावरून सेमूर सेवेल यांच्या नेतृत्वाखाली गेलेल्या मोहिमेला अरबी समुद्राच्या उत्तर भागात, मधल्या खोलीवर, प्राणी जवळजवळ नसलेले पट्टे सापडले. फोर्ब्सचा निर्जीव पट्टा चुकीच्या समुद्रात शोधला गेला होता, असे गमतीने म्हणता येईल. अरबी समुद्रात साधारण दीडशे ते बाराशे मीटरच्या दरम्यान पाण्यात प्राणवायू फार कमी असतो, कारण पृष्ठभागावर अमाप पोसलेले प्लवक खाली पडून कुजताना तो खाऊन टाकते. पुढे १९९४ मध्ये ओमानच्या उतारावर केलेल्या अभ्यासात या पट्ट्यात प्राण्यांची गर्दी सापडली, पण जाती मोजक्याच निघाल्या. जे थोडे किडे कमी प्राणवायूवर तग धरतात, त्यांनाच सारी मेजवानी मिळते. १९७७ मध्ये गॅलापागोसजवळ सापडलेल्या उष्ण झऱ्यांवर किंवा २०१८ मध्ये राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने कृष्णा-गोदावरी खोऱ्यासमोर, मिथेन झिरपणाऱ्या चिखलात शोधलेल्या शिंपल्या-किड्यांच्या वस्त्यांवरही गर्दी आणि विविधता या वेगवेगळ्या गोष्टी ठरतात.

जगभरच्या भंगुर ताऱ्यांच्या, म्हणजे तारामाशांच्या जवळच्या नात्यातल्या प्राण्यांच्या, नोंदी एकत्र करून २०१६ मध्ये जे चित्र निघाले, त्यात उथळ पाण्यातल्या जाती उष्ण कटिबंधात सर्वाधिक आहेत, तर दोन हजार मीटरच्या खाली त्या तीस ते पन्नास अक्षांशांत, खंडांच्या कडेला, जिथे वरून अन्न भरपूर पडते तिथे अधिक आहेत. तळाला सूर्य दिसत नाही, तरी वरून येणाऱ्या अन्नाच्या रूपाने तो पोहोचतो.

हे सारे आता समुद्रतळावरच्या धातूंच्या गुठळ्या खणून काढण्याच्या बेतांमुळे चर्चेत आहे. दशलक्ष वर्षांत काही मिलिमीटर या वेगाने वाढणाऱ्या या गुठळ्या मध्य हिंदी महासागराच्या तळावर पसरल्या आहेत आणि तिथल्या ७५,००० चौरस किलोमीटर क्षेत्रात शोध घेण्याचा करार भारताने आंतरराष्ट्रीय समुद्रतळ प्राधिकरणाबरोबर २००२ मध्ये केला. तत्पूर्वी १९९७ मध्ये भारतीय संशोधकांनी तिथला तळ मुद्दाम ढवळून प्राण्यांवर काय परिणाम होतो हे पाहिले होते. पेरूजवळच्या तळावर १९८९ मध्ये जर्मन संशोधकांनी नांगरासारखे यंत्र फिरवले. २०१५ मध्ये परत गेल्यावर तासांच्या खुणा तशाच दिसल्या. प्रशांत महासागरातल्या क्लॅरियन-क्लिपरटन पट्ट्यात, जिथे अशा गुठळ्यांच्या शोधाचे सर्वाधिक करार झाले आहेत, २०२३ पर्यंत नोंदल्या गेलेल्या प्राण्यांच्या ५,५७८ जातींपैकी फक्त ४३६ जातींना नावे मिळाली होती.