पित्ताशयाचा जुना दाह आणि कर्करोग: संशय खड्यावरून भिंतीकडे

पित्ताशयाच्या कर्करोगाची पहिली नोंद १७७७ सालची. व्हिएन्नातले वैद्य मॅक्सिमिलियन स्टोल यांना तो शवविच्छेदनात आढळला. पुढे अशा रुग्णांच्या पित्ताशयात बहुतेकदा खडेही सापडू लागले, दहांपैकी सात ते नऊ जणांत, आणि सगळा ठपका खड्यांवर आला. मात्र उलट बाजूने पाहिलं की हा हिशेब जुळत नाही. खडे असलेल्या शंभरांपैकी फार तर एक ते तीन जणांना हा कर्करोग होतो, अनेक देशांत त्याहूनही कमी. खडा मोठा असला तर गोष्ट थोडी बदलते: १९८३ च्या एका अमेरिकी अभ्यासात, एक सेंटिमीटरहून लहान खड्यांच्या तुलनेत तीन सेंटिमीटर किंवा त्याहून मोठ्या खड्यांत धोका सुमारे दहापट दिसला. मोठा खडा म्हणजे बहुधा जुना खडा, म्हणजेच पित्ताशयाच्या भिंतीला अनेक वर्षं चाललेला त्रास.

दाह, म्हणजे इजेमुळे किंवा जंतूंमुळे येणारी सूज, जिथे मुक्काम ठोकतो तिथे कर्करोग उगवतो, हा विचार जर्मन रोगविज्ञानी रुडॉल्फ फिर्खो यांनी १८६३ मध्येच मांडला होता. पित्ताशयाच्या बाबतीत त्याला सर्वांत बोलका दुजोरा मिळाला तो टायफॉइडकडून. स्कॉटलंडमधल्या अ‍ॅबर्डीन शहरात १९६४ साली टायफॉइडची मोठी साथ आली. तिच्यात आजारी पडलेल्यांचा आणि टायफॉइड-पॅराटायफॉइडचे जंतू वर्षानुवर्षं शरीरात बाळगणाऱ्या वाहकांचा पाठपुरावा करून १९९४ मध्ये निष्कर्ष छापले गेले. वाहकांत पित्ताशयाच्या कर्करोगाचं प्रमाण प्रचंड वाढलेलं होतं. साथीत आजारी पडून बरे झालेल्यांत तशी वाढ नव्हती. जंतू तेच, फरक मुक्कामाचा. (हे जंतू पित्ताशयात, विशेषतः खड्यांवर थर करून टिकून राहतात.)

दरम्यान पॅथॉलॉजिस्ट मंडळींनी काढलेल्या पित्ताशयांचे काप तपासून मधल्या पायऱ्या शोधल्या. सतत झिजणारं आणि भरून येणारं अस्तर आधी जठराच्या किंवा आतड्याच्या अस्तरासारखं रूप घेतं. त्यातल्या काही जागी पेशींची ठेवण बिघडते, मग अस्तरापुरता मर्यादित कर्करोग, आणि शेवटी तो भिंतीत शिरतो. पेशींच्या बेसुमार वाढीला आवर घालणाऱ्या टीपी५३ या जनुकातला बिघाड या वाटेवर लवकरच दिसतो. प्रत्येक पायरीवरच्या रुग्णांच्या सरासरी वयांची तुलना करून हा प्रवास दहा ते पंधरा वर्षांचा असावा, असा अंदाज बांधला गेला. अंदाजच, कारण एकाच माणसाचं पित्ताशय वर्षानुवर्षं तपासत राहणं शक्य नसतं. आणि बहुतेकांचा प्रवास पहिल्याच पायरीवर थांबतो, हे विसरून चालत नाही.

भीती कशी फुगते याचंही उदाहरण इथेच आहे. जुन्या दाहामुळे भिंतीत कॅल्शियम साचून पित्ताशय चिनी मातीसारखं कडक होतं, तेव्हा कर्करोग जवळपास ठरलेला, असं विसाव्या शतकाच्या मध्यातल्या अहवालांवरून मानलं जाई. २००१ मध्ये आलेल्या अभ्यासांत धोका बराच कमी निघाला, तोही मुख्यतः अस्तरावर तुटक कॅल्शियम साचलेल्यांत.

जर्मन सर्जन कार्ल लांगेनबूख यांनी १८८२ मध्ये बर्लिनला पहिल्यांदा पित्ताशय काढलं, ते खड्यांच्या त्रासासाठी. कर्करोग टाळण्यासाठी ही शस्त्रक्रिया सरकारने हमी दिलेल्या उपचारांत आणली चिलीने. हा कर्करोग जगात सर्वाधिक आढळणाऱ्या देशांपैकी तो एक आहे. २००६ पासून तिथे ३५ ते ४९ वर्षांच्या खडे असलेल्या लोकांना ही शस्त्रक्रिया मिळते. दाह नेमका कोणाच्या भिंतीत पुढची पायरी चढणार हे आधी सांगणारी खात्रीची चाचणी नाही, म्हणून निवड वय आणि खडा या दोनच गोष्टींवर होते.