गाव आत, फाटा रस्त्यावर

सोलापूर-पुणे रस्त्यावर गावाचा पत्ता विचारला की उत्तरात हमखास फाटा येतो. ‘फाट्यावर उतरा, गाव आत तीन किलोमीटर.’ चहाच्या दोन टपऱ्या, पंक्चरचं दुकान, लिंबाचं झाड, मागं दहा-पंधरा घरं. एवढ्यालाही लोक गावच म्हणतात.

या भागात जुन्या गावाची मांडणी ठरलेली. घरं पांढरीत म्हणजे पांढऱ्या मातीच्या गावठाणात, शेतं काळीत म्हणजे काळ्या जमिनीत, जवळ ओढा किंवा नदी, येण्याजाण्याला वेस. फाटा यातल्या कशातच बसत नाही. काळी जमीन पावसात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते. तिच्यावर रस्ता टिकत नाही, म्हणून वाटा होता होईल तो मुरमाड माळ धरून गेल्या. माळावर पाणी नाही, म्हणून तिथं पूर्वी कुणी राहत नव्हतं. वर्षाकाठी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही बराचसा परतीचा. वाळवंट नव्हे, पण एप्रिलात दुपारी बाराला या माळावर उभं राहून बघा.

१८६० च्या सुमारास रेल्वे सोलापुरात आली आणि लांबचा माल रुळांवर गेला. रस्त्याला पुन्हा माणसं मिळाली ती एसटीमुळं. पहिली गाडी १ जून १९४८ ला पुणे-नगर मार्गावर धावली. पुढं ती खेड्यापाड्यांपर्यंत पोचली. पण आतला रस्ता गाडी जाईल असा नसला, तर थांबा मुख्य रस्त्यावरच. वाट बघणाऱ्यांना सावली हवी, चहा हवा. फाट्याचं मूळ एवढंच.

खरा आकार आला तो १९७२ च्या दुष्काळात. ज्वारीचं कोठार म्हणवणाऱ्या जिल्ह्यात लोकांनी रेशनची तांबडी मिलो, म्हणजे परदेशातून आलेली ज्वारी, खाल्ली, मुलांनी सुकडी, म्हणजे पौष्टिक पिठाचा खाऊ. हाताला काम म्हणून बंडिंग, म्हणजे शेताच्या बांधबंदिस्तीचं काम, निघालं, पाझर तलाव निघाले, आणि गावापासून मोठ्या रस्त्यापर्यंतचे रस्तेही. बायका डोक्याला पदर गुंडाळून दिवसभर खडी फोडायच्या. त्या पिढीतल्या आजीला आजही ‘बहात्तर’ एवढंच म्हणा, पुढचं ती सांगते. रोजगार हमीचा कायदा १९७७ चा, अंमल २६ जानेवारी १९७९ पासून. खडी त्याआधीच फुटली होती. ती रस्त्यावर पसरली आणि आतलं गाव फाट्याला जोडलं गेलं. मग पोटापाण्यासाठी एखादं घर आतून बाहेर आलं, पाठोपाठ भावकी.

१९८० मध्ये उजनी धरण पुरं झालं. पाणी ज्यांच्या शिवारात पोचलं, त्यांच्या फाट्यावर उसाच्या ट्रॉल्या आणि खताची दुकानं आली. बाकीच्या फाट्यांवर कडब्याच्या पेंढ्या आणि दुधाचे कॅन, पूर्वीसारखेच.

राष्ट्रीय महामार्ग म्हणून या रस्त्याचा नंबर नऊचा पासष्ट झाला, त्यानं कुणाचं काही बिघडलं नाही. बिघडलं चौपदरीनं. जिथं उड्डाणपूल झाला तिथं टपरी सर्व्हिस रोडला गेली आणि गाड्या डोक्यावरून जायला लागल्या. मोहोळच्या अलीकडं अशाच एका पुलाखाली मी चहा घेत होतो. कॅन घेऊन बसलेल्या एका पोरानं वरच्या हॉर्नला मान वर केली आणि म्हणाला, ‘वरनं गेली. आता पुढची.’ चहावाल्यानं त्याला न विचारताच दुसरा कप दिला.