झाडं लावणं वेगळं, जंगल परत आणणं वेगळं

पाऊस पडला की नागपुरात तेच सुरू होतं, खड्डे, रोपं, फोटो आणि खाली लिहिलेलं "आम्ही जंगल उभारतोय". वृक्षारोपण सगळ्यांना माहीत आहे, रस्त्याकडेला सावली हवी तर खुशाल करा. देशी-विदेशीचा वादही पुरे, सुबाभूळ आणि गुलमोहरानं जंगल होत नाही, बस.

खरा घोळ पुढं आहे. न्यूझीलंडच्या तिरितिरी मातांगी बेटाचं उदाहरण देतात, 220 हेक्टरचं बेट, 1984 ते 1994 मध्ये साध्या लोकांनी अडीच-तीन लाख झाडं लावली, आणि आपल्याकडे यातला फक्त आकडा उचलतात. अरे पण का लावली ते तर बघा! तिथली शेती-चराई 1971 ला थांबली, वाटलं जंगल आपोआप येईल, पण गवत आणि नेचे इतके माजले की रोपं वर येईनात, म्हणून लावावी लागली. वर बी आणि कोवळी रोपं खाणारे उंदीरही 1993 मध्ये संपवले, ते कोणी सांगतच नाही.

आपल्याकडे उलटं आहे. उमरेडकडच्या एखाद्या झुडपी जंगलात जा, ज्याला सगळे ओसाड म्हणतात, आणि खाली वाकून बघा. पळस, तेंदू तोडलेल्या बुंध्यातून फुटलेले दिसतील, शेंडे कुठं जनावरांनी खुडलेले, कुठं वणव्यानं काळे. म्हणजे मुळं जिवंत आहेत, जंगल दरवर्षी यायला बघतं आणि आपण येऊ देत नाही! तिथं जेसीबीनं खड्डे खणले तर तीच मुळं तुटतात, मला याचा भयंकर राग येतो. तिथं रोप नको, चराईबंदी हवी, कुऱ्हाडबंदी हवी, उन्हाळ्याआधी जाळरेषा हवी, म्हणजे वणवा पुढं सरकू नये म्हणून गवत-पाला काढून मोकळा ठेवलेला पट्टा, आणि मोहफुलं वेचायला झाडाखालचा पाला पेटवतात तो नुसता झाडून काढला तरी पुष्कळ. पण हे ठरवायचं ग्रामसभेनं, कारण गुरं त्यांची, मोहफुलंही तेच वेचतात, बाहेरच्यानं तारेचं कुंपण घातलं तर तार चार दिवसांत गायब होते. गडचिरोलीच्या मेंढा-लेखाला 2009 मध्ये सामूहिक वनहक्क, म्हणजे गावाला आपलं जंगल राखायचा आणि वापरायचा कायदेशीर हक्क, मिळाला, जंगल कसं राखायचं ते तिथं गावच बसून ठरवतं.

लावायचं तिथंच, जिथं मुळंच उरली नाहीत, खाणीच्या ढिगाऱ्यावर किंवा वर्षानुवर्षं नांगरलेल्या जमिनीत. तेही बी जवळच्याच जंगलातलं घ्या, आणि मोहाचं असेल तर पडल्या पडल्या पेरा, साठवून ठेवलेलं उगवत नाही.